पट्टी खरी, रेडिएटर दुसरा

१२ मार्च, गुरुवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आप्पा आणि मी आपापल्या जागी ठीक आहोत. माझ्या शिवणाच्या दुकानात सध्या शाळेच्या गणवेशांची गर्दी आहे, मान वर करायला फुरसत नाही. मागच्या भिंतीला ओल आली होती, ती बुजवून घेतली. तुझं पत्र मिळालं. शेवटी तू नेहमीसारखं विचारलंयस, 'गाडी कशी आहे?' दर वेळी आप्पा सांगतात, 'जशी होती तशी.' या वेळी उत्तर मी देते.

आप्पा गाडी विकायला निघालेत. का, ते नंतर लिहिते.

घेणारे एक दातांचे डॉक्टर आहेत. जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांचा शौक. त्यांची अट एकच, भाग कारखान्यातून आले तेच हवेत. त्यातही इंजिन थंड ठेवणारा सगळा सरंजाम ते स्वतः तपासणार होते, कारण म्हणे जुन्या गाडीत तोच आधी बदलला जातो. आप्पा म्हणाले, "परक्यानं खोट काढण्याआधी घरच्या माणसानं बघितलेलं बरं." घरचं माणूस म्हणजे मी. शिलाई मशीनपलीकडे मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, हे तुला माहीत आहे.

रविवारी दुपारी गॅरेजचं दार सताड उघडलं. आप्पा स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकायला लागले आणि मी बॉनेटखाली वाकले.

"पाण्याच्या पंपावर आकडे कोरलेत बघ. पुसून वाच."

वाचले. ते जुळले. थर्मोस्टॅटच्या टोपणावरचेही जुळले. रबरी नळ्या नव्या आहेत, पण ते चालतं म्हणे, रबर काय जन्मभर पुरतं? पंख्याचं एक पातं मात्र ठोकून सरळ केल्यासारखं दिसलं. तसं मी सांगितलं. आप्पा नुसतं "हं" म्हणाले.

"आता रेडिएटरची पट्टी वाच."

रेडिएटरच्या माथ्यावर कारखान्याची छोटी पितळी पट्टी आहे, आठवत असेल. नाव, नंबर, साल, सगळं बिनचूक. वाचून मी तिथंच थांबायला हवं होतं. पण पट्टीच्या कडेचा कथलाचा डाख बाकीच्या डाखापेक्षा वेगळा होता, जरा जास्तच काळजीनं दिलेला. एका कपड्याचं लेबल उसवून दुसऱ्याला टाचलं, तर मला ते दुकानाच्या दारातून कळतं, दादा.

"आप्पा, पट्टी खरी आहे. पण ती या रेडिएटरची नाही."

आप्पा चक्क हसले. "पितळ उघडं पडलं म्हणायचं," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तू घर सोडलंस तेव्हा आई आणि मी मावशीकडे होतो. आम्ही परतलो तर तू नोकरीसाठी गेलायस, एवढंच कळलं. गाडी कव्हराखाली होती, आणि कव्हर उचलून बघायची आमची हिंमत नव्हती. त्या सकाळी आप्पांनी गॅरेज उघडलं, तेव्हा गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. खाली हिरव्या पाण्याचं तळं. नाक चेपलेलं, पंखा रेडिएटरमध्ये घुसलेला. तू ढकलतच आणली असशील, असा त्यांचा अंदाज.

"ओरडला असतात ना त्याच्यावर?" मी विचारलं.

"ओरडलो असतो की. जेवणाच्या वेळेपर्यंत. तो थांबलाच नाही."

"मग पट्टी कशाला हलवलीत?"

"वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत येईल. आल्या आल्या बॉनेट उघडून बघेल. त्याला वाटावं, काही झालंच नाही."

मी हात पुसले.

सोमवारी डॉक्टर आले. टॉर्च मारून सगळं बघितलं, पट्टी वाचली, चेहरा खुलला. मी गप्प होते, आणि खरं सांगायचं तर गप्पच राहणार होते. आप्पाच बोलले.

"तो रेडिएटर मूळचा नाही. गाडी एकदा धडकलीय."

"कोणाच्या हातून?"

"माझ्याच. नजर चुकली."

डॉक्टरांनी टॉर्च विझवला. "विचार करून कळवतो," म्हणाले. असं म्हणणारे कळवत नसतात. ते गेल्यावर आप्पा कव्हर घालायला उठले. कव्हराचा कोपरा त्यांच्या पायाशीच पडला होता. ते चाचपत राहिले, शेवटी मी तो त्यांच्या हातात दिला.

तर आता ते कारण. आप्पांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्या वर्षीच गेला. उजव्यात मधोमध एक झरोका उरलाय, तोही आक्रसत चाललाय. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. डोळ्यांचे, दातांचे नव्हे. उरलेली किती टिकेल, हे तेही सांगत नाहीत. गाडी ते कधीपासून चालवत नाहीत. तुला यातलं काही कळवायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. "तो दया म्हणून यायला नको," म्हणतात. मी ऐकलं नाही, हे तुला दिसतंच आहे.

गाडीला दुसरं गिऱ्हाईक शोधू का, असं काल विचारलं. म्हणाले, "घाई काय आहे?"

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. आलं तर ते मलाच वाचून दाखवावं लागेल, आणि तुझ्या तोंडचं काही माझ्या तोंडून त्यांनी ऐकावं, हे मला बरं वाटत नाही. ये. आणि येशील तेव्हा दिवसा ये. उन्हात त्यांना अजून माणूस ओळखता येतो.

तुझी,
धाकटी