रोज दिसणारा माणूस

आबा, तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि तुमच्याशी भांडायचं मला आत्ता सुचतंय. मेढ्याच्या घरी मला बघून पाहुणे गेले, त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. तुम्ही उंबऱ्यात बसून विचारलंत, पोरगा कसा वाटला? काहीच वाटलं नाही, मी म्हणाले. तुम्ही हसलात. "वाटाय आधीच लागतं व्हय? रोज बघून बघून माणूस आपलं हुतं. तुज्या आईला मी कवा आवडलो हुतो?" आई तिथंच चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही.

पण जावई तुम्ही फौजेतला केलात. रोज बघायला माणूस घरात असावा लागतो, हे तुमच्या ध्यानात आलं नाही. हे सुट्टीवर यायचे, जरा ओळख व्हायला लागली की ट्रंक भरायची वेळ व्हायची. पोराच्या शाळेसाठी मी मलकापुरात खोली घेऊन राहिले. सकाळी कोपऱ्यावर शाळेच्या गाडीची वाट बघत उभी असायचे. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ लेकीला घेऊन तिथंच यायचे. बायको वारलेली. सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा. फोनवर मोठ्यानं बोलायचे, लेकीची वेणी वाकडीतिकडी. मग कधीतरी मीच ती सोडून नीट घालायला लागले. ते दप्तर धरून उभे राहायचे. "आवं, राहू द्या," एवढंच म्हणायचे. त्याहून जास्त आमच्यात काही घडलं नाही. पण एका दिवाळीच्या सुट्टीत, शाळा कधी उघडते याची पोरापेक्षा मलाच घाई झालीय, हे ध्यानात आलं आणि मी घाबरले. सावळा, टक्कल पडत चाललेला माणूस. एखाद्या लग्नात दिसला असता तर मी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं.

औंदा हे पेन्शनवर आले. पहिल्याच सोमवारी चपला घालत म्हणाले, "लय वर्सं एकटीनं केलंस. आता पोराला मी सोडतो. तू जरा निवांत बस." इतक्या मायेनं म्हणाले, की मी पोराचं दप्तर त्यांच्या हातात दिलं. तेव्हापासून मी निवांत बसलेय. हे दिवसभर समोर असतात, आणि तुमचं ऐकून मी रोज बघते. चांगला माणूस आहे, आबा. चहाचा कप स्वतः विसळतात. तरी सकाळी हे पोराला घेऊन बाहेर पडले, दार लागलं, की मला त्या खोलीत श्वास पुरत नाही. आईनं तेव्हा मान का वर केली नाही, हे विचारायला आता तीही नाही.

काल हे हसतच परत आले. "गाडीपाशी त्यो समोरच्या बिल्डिंगमधला भेटतो बग, तुला म्हाईत असंल. लय चांगला गडी हाय. रोज बोलून बोलून दोस्तीच झाली. रविवारी लेकीला घिऊन जेवाय ये म्हटलंय. चालंल नव्हं?"

"चालंल की," मी म्हणाले.

"काय करशील?"

"आमटी-भात. दुसरं काय."

हा कागद मी कुणाच्या हाती लागायच्या आत फाडणार आहे. तुम्हाला म्हणून सांगते आबा, आमटी-भात म्हणताना मनात मी पुरण शिजायला टाकलं होतं.