पानांआडची पहिली नजर

बारासात,
११ फाल्गुन

श्रीचरणेषु काका,

प्रणाम. काकूचा गुडघा कसा आहे? मी ठीक. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. तुमचा जुना रोलचा कॅमेरा मी न विचारता उचलून आणला, त्यावर तुम्ही मला घातलेल्या शिव्या तुमच्या शेजारच्या मिठाईवाल्या निताईदानं फोनवर शब्दशः ऐकवल्या. पोचल्या असं समजा.

काका, मी कॉलेज अर्धवट सोडलं ते फोटो काढायला. आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या टुटुलदाच्या कंपनीत मी काय करतो? तोंडं पुसतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून तीळ पुस, वण पुस, रंग उजळ. परवा एका आजीच्या सुरकुत्या इतक्या पुसल्या, की तिचाच नातू विचारत होता, "ही कुठली मावशी?" टुटुलदा म्हणतो, "पिकलू, लोकांना फोटो नको असतो रे, सुटका हवी असते." एका लग्नात हजारो फोटो काढायचे, आणि त्यातला एक बघून कुणाच्या पोटात कालवेल तर शपथ. बोट दाबायला पैसे पडत नाहीत ना, म्हणून डोळा वापरायलाच कुणी तयार नाही!

असो. मागच्या महिन्यात तुमच्या कृष्णनगरलाच येऊन गेलो. झिनुकच्या लग्नाचं काम आमच्याच कंपनीला होतं. तुम्ही तिथे आला नव्हता, ते बरं केलंत.

मला जेवणाच्या पंगतीवर नेमलं होतं. लोक मासा खाताना कसे दिसतात ते टिपायचं. शुभदृष्टीची, नवरा-नवरीनं एकमेकांकडे पहिल्यांदा बघायची वेळ झाली तसा मी पंगत सोडून मांडवात घुसलो. झिनुकला पाटावर बसवून तिचे भाऊ उचलून आणत होते, तोंडावर विड्याची पानं धरलेली. नवऱ्याभोवती फेरे झाले. तिनं पानं बाजूला केली आणि नवऱ्याकडे, सुप्रतीमकडे पाहिलं.

नेमका तेव्हाच टुटुलदाचा ड्रोन खाली आला आणि त्याच्या वाऱ्यानं नवऱ्याचा मुकुट उडाला. सगळे कॅमेरे मुकुटाच्या मागे!

"थांबा, थांबा!" टुटुलदा ओरडला. "वहिनी, पानं परत तोंडावर! परत बघायचं!"

भटजी म्हणाले, "अहो, विधी आहे की नाटकाची तालीम?"

"टुटुलदा, लवकर आटप," तिचा थोरला भाऊ पाटाखालून कण्हला. "उपास हिचा आहे, पण जीव आमचा चाललाय."

पाटावरून झिनुक म्हणाली, "पाडलंस ना दादा, तर सासरी न जाता तुझ्याच उरावर बसेन."

मग तिनं परत पाहिलं. "वहिनी, जरा लाजून." परत. "दात कमी." पुन्हा परत. काका, माझा हात शिवशिवत होता. ड्रोन धरून आपटावा, असं वाटलं.

अल्बम पोचल्यावर तिचा फोन आला. "पिकलू, यात मी टूथपेस्ट विकायला बसलेय रे. पहिल्या वेळी पाहिलं, ते कुणी काढलं का?"

"नाही," मी म्हणालो. "मी जेवणाकडे होतो."

"मग राहू दे," म्हणाली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तेवढं एकच खरं होतं."

खोटं बोललो, काका. तुमचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता, शालीखाली. मुकुट उडायच्या आधी मी दाबलं होतं. एकदाच. चांगला आलाय, रोल न धुताच सांगतो. तुम्हीच शिकवलंत ना, आपला फोटो आपल्याला दाबतानाच कळतो.

ती सुप्रतीमकडे कशी बघत होती, ते मी कॅमेऱ्याच्या काचेतून पाहिलंय. कॉलेजच्या फॉर्मवरच्या फोटोसाठी ती तुमच्या स्टुडिओत आली, तेव्हा "डोळे मिटले, उद्या परत ये" असं सांगून मी तिला किती चकरा मारायला लावल्या, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गालात हसायचात. त्या सगळ्या चकरांत तिनं एकदाही माझ्याकडे तसं पाहिलं नाही. मी कॅमेऱ्यामागे होतो, ती कॅमेऱ्याकडे बघत होती. एवढंच.

काल कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायला अंगठा लावला होता. भर उन्हात, गच्चीवर. रोलला उजेड लागला की ती नजर संपली, आणि जगात उरणार फक्त टुटुलदाची टूथपेस्ट. त्याच विचारानं अंगठा काढून घेतला. एक गोष्ट नीट झाली होती, तीही मीच बिघडवायची?

म्हणून कॅमेरा रोलसकट पाठवतोय. धुवा, तुमच्या हातानं छापा. तिच्या कपाळावरचा वण तसाच राहू दे. तिच्या माहेरी नेऊन द्या.

कुणी काढला, असं ती विचारेल. माझं नाव सांगा. न सांगण्याइतकं मोठं मन माझं नाही.

तुमचा,
पंगत सोडून आलेला,
पिकलू