तेरा जोड्या आणि एक जड

माधव नगर, उज्जैन
६ जानेवारी २०२५

चि. अपूर्वास बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू फोनवर समजावतेस तेव्हा मी हो हो म्हणतो, ठेवला की डोकं साफ कोरं. म्हणून हे पत्र. तीस वर्षं नापतोल निरीक्षक होतो मी, दुकानदारांचे काटे तपासायचो. काट्यावर न ठेवता वजन कसं होतं, बिल्कुल कळत नाही. आई सगळ्यांना सांगते की पोरगी तारे तोलते, आणि लोक माझ्याकडे बघतात. नीट लिही. आणि प्रबंध मार्चमध्ये देते आहेस ना? फेलोशिप तेव्हाच संपते, आईला घोर लागलाय.

आशीर्वाद आहेतच, मागत बसू नकोस.
बाबा

पुणे, १४ जानेवारी

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

एका गुच्छातले तारे एकत्र जन्मलेले असतात. त्यातले काही जोडीने एकमेकांभोवती फिरतात. त्यांच्या प्रकाशातल्या रेषा सरकतात, त्यावरून वेग कळतो. फेरीला किती दिवस लागतात त्यावरून कक्षा. आणि दोन्हींवरून वजन. झालं, काटा लागत नाही.

घोटाळा असा, की माझ्या चौदा जोड्यांपैकी तेरा एकमेकींशी जुळतात आणि एक भलतीच जड निघते. तिची निरीक्षणं दुसऱ्या दुर्बिणीतली आहेत. सर म्हणतात, एवढी वगळ आणि प्रबंध देऊन टाक. मला काही सुचत नाही. तुम्ही अशा वेळी काय करायचात?

आईला सांगा, वेळेवर जेवते. माया अशीच राहू द्या.
अपूर्वा

उज्जैन, २३ जानेवारी

चि. अपूर्वास आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो, हे आईलाही ठाऊक नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी बाजारातले सगळे काटे माझ्या वजनांना जुळले, एका किराणेवाल्याचा जुळेना. त्याने काटा नवा, इंदूरहून आणला होता. माझं किलो त्यावर कमी भरलं. काटा चुकतो म्हणून मी दंडाचं चालान फाडलं. तो बिचारा शपथा घेत राहिला. पुढे कळलं, माझ्याच पेटीतलं वजन झिजलं होतं, आणि बाकीचे काटे आदल्या वर्षी मीच त्याच वजनाने लावून दिले होते. मी वजन गुपचूप बदललं. त्याच्याकडे गेलो नाही. तो वारला, दुकान आता मुलगा चालवतो. मी अजून त्या गल्लीतून जात नाही.

तुझ्या ताऱ्यांचं मला अजूनही काही कळलेलं नाही. पण त्या तेरा जोड्या तू एकाच दुर्बिणीतून बघितल्यास का?

बाबा

पुणे, १९ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार.

तुमचा फार राग आलाय. तेराही एकाच दुर्बिणीतल्या. तिच्यात दोन ताऱ्यांच्या रेषा एकमेकींत मिसळतात, वेग कमी वाटतो, वजन कमी येतं. जड निघाली तेवढीच बरोबर होती. काल सरांना सांगितलं. ते म्हणाले, परत मोज. मतलब आणखी एक वर्ष, आणि तेही फेलोशिपशिवाय. मार्चअखेर घरी येऊन बसते. शहाणपणा केला की वेडेपणा, कळत नाही. खूप रडले.

रागावले असले तरी तुमचीच,
अपूर्वा

उज्जैन, २७ फेब्रुवारी

चि. अपूर्वास आशीर्वाद.

वरची खोली आईने झाडून ठेवलीय. राग घेऊन ये, चालेल. शहाणपणा की वेडेपणा, ते मलाही सांगता येत नाही.

तुझं पत्र वाचून काल त्या दुकानात गेलो. मुलाला सगळं सांगितलं, हात जोडले. त्याला चालानबिलान काही माहीत नव्हतं. एवढंच म्हणाला, की त्याचे वडील शेवटपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला मूठभर जास्तच घालायचे, आणि का घालतात ते घरात कधी कोणाला कळलं नाही.

वाट बघतोय.
बाबा