घोट्याचे सहा फोटो

सेलू, सोमवार, ता. ३ फेब्रुवारी १९७५

चि. सिद्धलिंग यास रेवणप्पाकाकाचे शरणु शरणार्थी आणि पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत, तू हैदराबादेत वेळेवर जेवतोस असं धरून चालतो. (तुझ्या आईला वजन कळव, मला कळवलं नाहीस तरी चालेल.) आता तुझ्या काकूच्या पायाचा सविस्तर अहवाल लिहितो, तो डॉक्टरकीच्या नजरेनं वाच.

घोट्यावरची ती जखम, खाटेचा खूर लागून झालेली, अकरा महिने झाले तरी भरत नाही, हे तुला माहीत आहे. हैदराबादला चल म्हटलं की ती भावाची गोष्ट काढते. तो बोट दाखवायला दवाखान्यात गेला आणि पाय ठेवून आला. त्यातच तुझं पत्र आलं. हंगेरी देशात लेसर नावाचा तांबडा, सौम्य उजेड उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर टाकला, न भाजता, न तापता, तर केस लवकर आले. मग माणसांच्या न भरणाऱ्या जखमांवर तोच टाकायला लागले. हे मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चाकू नसंल आन् नुसता उजेड असंल, तर येते मी." पुढच्या ओळीत तू लिहिलं होतंस, की अजून हे पक्कं ठरलेलं नाही आणि तुमच्याकडे तसं यंत्रही नाही. तिथं मी कागदाची घडी घातली. तू असतास तर तूही घातली असतीस.

मग मी विचार केला, तीस वर्षं आपल्या फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवाच तर जळतो. फरक मला कळतो बरं का. लेसरच्या लाटा कवायतीतल्या पोरांसारख्या पावलाला पाऊल लावून चालतात, आणि माझ्या बल्बातला उजेड म्हणजे आठवडी बाजार. पण हैदराबादला न्यायच्या आधी तिला उजेडाची सवय तरी होईल, असा माझा हिशेब. तू लिहिलंस की उजेड कमी पडला तर काही होत नाही आणि जास्त झाला तर उलटंच होतं, ते मला चटकन पटलं. फोटोच्या कागदाचं तेच आहे. कमी दिला तर चेहरा उमटत नाही, जास्त दिला तर माणूस काळाठिक्कर.

पहिल्याच दिवशी ती दिव्याकडे आणि मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, "तीस वर्षं ह्याच्याखाली बसायलात, मग उंदरागत केस का न्हाई आले तुमाला?" मी म्हटलं, अंतर चुकलं असेल.

अडचण उजेडाची नव्हती, बसण्याची होती. तुझी काकू एका जागी बसते ती फक्त इष्टलिंगाच्या पूजेला. तेव्हा घर पेटलं तरी तिला कुणी हाक मारायची नाही. म्हणून मी म्हटलं, पूजा अंधाऱ्या खोलीतच कर, पाय स्टुलावर ठेव. देवापुढं पाय कसा करायचा म्हणून अडली. मठाच्या स्वामींना विचारलं. ते म्हणाले, "लिंग तळहातावर आहे ना, मग पाय कुठंही असू द्या." तेव्हापासून रोज सकाळी उकळून निववलेल्या पाण्यानं जखम धुतो आणि दिवा लावतो. तिची पूजा होईपर्यंत मी चुलीशी. (माझ्या भाकरीबद्दल काकूला विचारू नकोस.)

नुकसान थोडं झालं. एकदा पूजा संपल्यासंपल्या दूध उतू जातंय म्हणून तिनं दार उघडलं आणि बाहेरचा उजेड शिरून फोटोच्या कागदाचं अख्खं पाकीट काळं पडलं. दुसऱ्यांदा तिच्या बोटांची विभूती चारठाण्याच्या व्यंकटरावांच्या मुलीच्या ओल्या फोटोवर सांडली. तो फोटो तसाच स्थळाकडे गेला. मुलीला देवी येऊन गेल्या का, अशी तिकडून विचारणा आली. व्यंकटराव दुकानात येऊन पाऊण तास बसून राहिले. दुसरा फोटो मी स्वतः चारठाण्याला नेऊन दिला. लग्न ठरलं.

आता मुख्य गोष्ट. दर सोमवारी जखमेशेजारी चाराण्याचं नाणं ठेवून मी फोटो काढतो. सोबत सहा फोटो आहेत. पहिल्यात जखम आवळ्याएवढी, शेवटच्यात हरभऱ्याएवढी. तुझ्या सरांना दाखव. घाई नाही.

तुझा,
रेवणप्पाकाका

ता. क. मंगळवार. पाकीट चिकटवायच्या आधी तुझ्या काकूनं फोटो मागितले. ओळीनं मांडले, बराच वेळ बघितले आणि म्हणाली, "जखम बरी व्हायलीय ते दिसतंय. पन नाणं बी बरं व्हायलंय का?" सिद्धलिंग, मी दर आठवड्याला फोटो थोडा लहान छापत गेलो, तिला धीर यावा म्हणून. तीस वर्षांचा फोटोवाला मी, पण शेजारचं नाणंही आकसेल हे सुचलं नाही. जखम होती तेवढीच आहे. गेल्या आठवड्यापासून कडा काळ्या पडायला लागल्या आहेत.

मग तुझ्या पत्राची घडीही उघडून दाखवली. ती म्हणाली, "ते मला ठाऊकच हाय. कागद बाकी होता आन् तुमचं वाचन संपलं." मग बसलीस कशाला, विचारलं. "तुमी भाकरी करायलात, कोन उठंल?" वर म्हणाली, "सहा फोटो काढले, त्यातला एकच खरा. चला हैदराबादला, डॉक्टर तरी एका मापाचं सांगंल."

तेव्हा वरचं 'घाई नाही' खोडलं आहे असं समज. गुरुवारच्या गाडीनं निघतो, काचीगुडा स्टेशनावर ये. सरांची वेळ आजच घे. तिथं असा उजेड नाही, हे तिला तूच तोंडानं सांग, आणि तिला विचारल्याशिवाय कुणी चाकू उचलणार नाही हे सरांकडून तिच्यासमोर कबूल करून घे. तेवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी एक, काकू सांगते ते जसंच्या तसं: "सिद्धलिंगा, पाय मी आनते. नाणं ह्यांच्यापाशी ऱ्हाऊ देऊ नको, तू धर."