म्हशीच्या पोटातला आवाज

बाबा, तुमच्यावरचा राग तुमच्या चितेबरोबर जळला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्हाला जाऊन कित्येक वर्षं झाली. लोक अजून ऑर्गनमास्तर म्हणून तुमचं नाव काढतात. नाटकमंडळाच्या खोलीत तुमच्या फोटोला हार असतो, आणि मी तिथे गेलो की फोटोकडे पाठ करून बसतो.

मोहाडीची ती तालीम माझ्या डोक्यातून जात नाही. धान कापून झालेलं, दिवाळीनंतरच्या मंडयांच्या जत्रा तोंडावर आलेल्या, गावोगावची नाटकं ठरलेली. भर दुपारी समाजमंदिरात सगळे जमलेत. मी बेस गिटार घेऊन तुमच्या ऑर्गनशेजारी बसलोय आणि अख्खा पावसाळा घासून बसवलेलं वाजवतोय. तुम्ही हात थांबवता. "हे काय वाजवून राहिला बे? म्हशीचं पोट गुडगुडल्यावानी लागते." सगळे हसतात, तबलजी काकाही हसतात. मग तुम्ही साकोलीहून आणलेल्या सिंथेसायझरवाल्याकडे बोट दाखवता. "जागा खाली कर. लोकाइले आता सिंथ पायजे." माझी वायर तुम्ही स्वतः वाकून उपटलीत. घरी बोलता आलं असतं, पण तुमचं शौर्य चार माणसांसमोरच उफाळून यायचं. आईने जेवताना विचारलं, "काहून असं केलं जी पोराले?" तर ताट सरकवून उठलात. मंडळात मला पुन्हा कधी बसू दिलं नाहीत. पुढे दवाखान्यात तुमचे पाय मीच चेपले.

बेस मात्र मी सोडला नाही. नागपूरहून गिटारचा आवाज बदलणारे, पायाने दाबायचे दोन जुने पेडल आणले. एक फझ, तो आवाज फाडून खरखरीत करतो. दुसरा एन्व्हलप फिल्टर, तो तार जितक्या जोरात छेडावी तितकं आवाजाचं तोंड उघडतो आणि पुन्हा मिटतो. फिल्टर आधी लावला तर फझने त्याची सगळी उघडझाप चेपून टाकली. फझ आधी लावला तर प्रत्येक सूर सारख्याच जोरात येऊ लागला आणि फिल्टर आ वासूनच राहिला. बायको म्हणाली, "घरात गिरणी टाकली का जी?" शेवटी फझ आधीच ठेवला, त्याचा आवाज उतरवला आणि सूर लांबवायचं सोडून तोडून तोडून वाजवू लागलो. दोन सुरांमध्ये जरा थांबलं की फिल्टर मिटतो आणि पुढच्या सुराला 'वाँव' करून उघडतो. थेट सिंथ. त्या दिवशी मी घरात एकटाच मोठ्याने हसलो, आणि तुम्हाला एक शिवीही दिली.

यंदा आसगावच्या मंडईत दुपारच्या कार्यक्रमात तेच वाजवलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तबलजी काका आता काठी टेकत चालतात. ते पुढे येऊन इकडेतिकडे बघू लागले. "सिंथवाला कुठी हाये गा?" मी म्हटलं, "सिंथ नाही काका, बेस हाये." त्यांना पटेना. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर असते तं खूश झाले असते."

माझं डोकंच फिरलं, बाबा. तुम्ही कशाला खूश व्हायचं? आणि घरी येताना गाडीवर लक्षात आलं की तुम्ही झालाच असतात. इतकी वर्षं मरमर करून मी काय केलं, तर माझ्या बेसचा बेसपणा पुसून त्यातून तुम्हाला पाहिजे तोच आवाज काढला. मेल्यावरही जागा तुम्हीच खाली करून घेतलीत.

हा कागद पेडलच्या रिकाम्या खोक्यात टाकतोय, तिथेच कुजू दे. एक गोष्ट मात्र लिहायची राहिली. काका तसं म्हणाले तेव्हा मी त्यांचा हात झटकला नाही. मी विचारलं, "खरंच का, काका?"