आईची नोंद

३ सप्टेंबर, मंगळवार

बाबांना लग्न करायचंय.

असं सरळ लिहून बघितलं. लिहिल्यावरही तितकंच विचित्र वाटतंय. शहात्तर वर्षांचे आहेत. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आता स्वतःच्या घराचा जिना चढताना मध्येच टेकतात. आणि लग्न! चहा गाळता गाळता सांगितलं, माझ्याकडे न बघता. बागेतल्या बाकावरच्या बाईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात.

बाई मला माहीत आहेत. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या दुकानातूनच चष्मे करून नेले होते, जवळचा वेगळा आणि लांबचा वेगळा. दोन्ही एकात नको म्हणाल्या, डोळ्यांचा गोंधळ होतो. बोलणं इतकं स्वच्छ की एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा.

मी यावर काय बोलले? साखर जास्त झालीये म्हटलं. एवढंच. पंचेचाळिशीची बाई मी, आणि सुचलं काय तर साखर.

५ सप्टेंबर, गुरुवार

दोघं विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन आले. महिन्याची नोटीस तेवढी लावून घेतली, बाकी हात हलवत परत. बाईंनी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला बरोबर नेला होता. बाबांकडे आईचा नाहीच. बायको वारली हे तोंडी सांगून चालत नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं म्हणे.

आई गेल्यापासून सहा वर्षांत तो कागद आम्हाला कुणी मागितलाच नव्हता. घर बाबांच्या नावावर, पेन्शन बाबांची. आईचं म्हणून काय होतं? शिलाई मशीन. त्याला कोण दाखला विचारतंय.

आई मावशीकडे गेली होती राहायला, शेजारच्या जिल्ह्यात. जेवून दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. आम्ही पोचेपर्यंत डॉक्टर चिठ्ठी लिहून देऊन गेले होते. त्या चिठ्ठीवर सगळं पार पडलं. सरकारी नोंदीचं मी बघते, असं मावशी म्हणाली होती. आम्ही दोघं तेव्हा काही बघण्याच्या अवस्थेत नव्हतोच.

मावशीला फोन केला तर म्हणाली, कागद कुठे ठेवलाय आठवत नाही, ऑफिसात मिळेल की. आणि घाईघाईने फोन ठेवला. लग्नाचं तिला सांगितलं नव्हतं मी.

म्हणजे मलाच जायचंय. बाबांचे गुडघे आणि तो बसचा प्रवास, छे. बाबा म्हणाले, तुला नको वाटत असेल तर राहू दे. मी म्हटलं, नको वाटण्यासारखं काय आहे त्यात, एक कागद तर आणायचाय.

खोटं. नको वाटतंय.

१० सप्टेंबर, मंगळवार

दुकानातून सुट्टी काढली. त्या जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन आले. पाय मोडलेत.

कार्यालय एक असेल असं वाटलं होतं. ते गावच आहे! जमिनीचे कागद एका इमारतीत, कोर्टाचे दुसऱ्या. जन्म-मृत्यूचे कुठे विचारलं की जो तो आपल्यापासून लांबचं बोट दाखवतो. एका शिपायाने शेवटी सायकल स्टँडमागच्या बैठ्या इमारतीत नेऊन सोडलं. तिथे रेकॉर्ड रूम. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, जुन्या कागदांचा वास, आणि खिडकीत एक स्वेटर घातलेली बाई. बाहेर एवढं ऊन, पण तिच्या डोक्यावरचा पंखा बंद होत नाही म्हणे, फक्त जोरात फिरतो.

मी अर्ज लिहून दिला: माझ्या आईबद्दल आपल्याकडे जे काही कागद असतील ते द्यावेत. स्वेटरवालीने वाचला आणि माझ्याकडेच सरकवला.

"ताई, हे असं लिहिलंत तर मी रिटायर होईपर्यंत शोधत बसेन."

मग तिने समजावलं, अजिबात न चिडता. कुठली नोंद हवी ते एकच लिहायचं. गाव लिहायचं. तारीख लिहायची आणि तिच्या पुढचेमागचे महिनेही बघा म्हणून विनंती करायची, कारण लोक उशिरा येतात सांगायला. नाव जितक्या तऱ्हांनी लिहिलं गेलं असेल तितक्या तऱ्हांनी लिहायचं. सासरचं आडनाव, माहेरचं, घरात हाक मारायचे तेही. सापडलं तर शिक्क्याची नक्कल मागायची. नाही सापडलं तर नाही सापडलं हेही लेखी मागायचं. "तोंडी 'नाही'चा पुढे काही उपयोग नसतो."

आईचं नाव मी एका कागदावर तिन्ही तऱ्हांनी लिहिलं. शेवटचं, घरातल्या हाकेचं, लिहिताना पेन अडलं. किती दिवसांनी लिहीत होते.

स्वेटरवालीच्या चष्म्याची काडी सैल होती, वाकली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मला राहवेना. पर्समधला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तिथेच आवळून दिली. ती म्हणाली, अर्ज मात्र रांगेतूनच जाईल हं. मी म्हटलं, जाऊ दे की, मला तो चष्मा बघवत नव्हता.

परतीच्या बसमध्ये डोक्यात एकच: बाई आमच्याकडे राहायला आल्या की मशीन कुठे ठेवायचं? खिडकीखालची जागा त्यांना हवी असली तर? मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडले. त्या बिचाऱ्या घरी चष्मा लावून पेपर वाचत असतील.

१७ सप्टेंबर, मंगळवार

नोंद आढळली नाही.

शिक्क्यासकट लिहून दिलंय. स्वेटरवालीने पूर्ण वर्ष पालथं घातलं, पुढचंही थोडं बघितलं. आईचं नाव कुठेच नाही.

चिडायला हवं होतं. पण बसमध्ये बसले आणि काहीतरी भलतंच झालं, मला आनंद झाला. एवढ्या मोठ्या कार्यालयात, एवढ्या कागदांत, आई गेली असं कुणीही लिहिलेलं नाही! शेजारच्या प्रवाशाने विचारलं, काही हरवलं का हो? मी रडत होते बहुतेक.

बाबांनी कागद वाचला. घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे ती अजून माझी बायकोच आहे."

मी म्हटलं, सरकारच्या मते तरी.

"आणि मी दुसरं लग्न जमवून बसलोय. तिच्या कानावर गेलं तर?"

आधी ते हसले की मी, आठवत नाही. दोघंही पोट धरून हसलो. आई गेल्यापासून तिच्यावरून हसलो नव्हतो आम्ही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

बाई दुकानात आल्या. चष्म्याचं निमित्त, चष्मा ठणठणीत होता. माझ्यामुळे धावपळ करू नकोस म्हणाल्या. "लाईनवर थांबून राहायची मला सवय आहे गं. उभी नोकरी त्यात गेली."

काच पुसून दिली. त्यांच्याशी नीट भांडताही येत नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

स्वेटरवालीने मार्ग सांगितला होता. उशिरा नोंद करता येते, पण त्या वेळी घरात हजर असलेल्या माणसाने येऊन शपथेवर सांगायला हवं. हजर होती फक्त मावशी.

आज फोनवर सगळं सांगितलं, लग्नासकट.

"तुझ्या बापाला बोहल्यावर चढायचंय म्हणून मी माझ्या ताईला मारू?" असं म्हणाली आणि फोन आपटला. नोंदीचं काय झालं होतं, ते विचारायचं राहूनच गेलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

मावशीकडे गेले. भांडायलाच गेले होते, खरं सांगायचं तर. वाटेत वाक्यंही पाठ केली होती.

दार उघडलं तर केवढीशी झालीय ती! आईपेक्षा नऊ वर्षांनी धाकटी, आणि आता आईपेक्षा म्हातारी दिसते. आधी जेव म्हणाली. जेवताना मी लग्नाचं काढलं नाही, तिनेही नाही. ताटं उचलल्यावर मोरीकडे तोंड करून, पाठमोरीच बोलायला लागली.

आई गेली त्याच आठवड्यात ती त्या कार्यालयात गेली होती. रांगेत उभी राहिली. नंबर आला. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं, तिने सांगितलं. कोण लागतात? मोठी बहीण. मग त्याने विचारलं, काय नोंदवायचंय?

"माझ्या तोंडून ते निघेना गं. मागचे लोक ओरडायला लागले. मी म्हटलं, काही नाही, चुकून आले. आणि घरी आले."

आम्हाला सांगितलं, झाली नोंद. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिली. मग इतका उशीर झाला की जायची लाज, आणि आम्हाला सांगायची त्याहून जास्त. फोनवरचा सगळा आरडाओरडा त्या लाजेचा होता. बाबांच्या लग्नाबद्दल तिचं काही म्हणणंच नाही. "करू दे की. भाऊजींना एकट्याला जेवता कुठे येतं. ताटाकडे बघत बसतात."

माझी पाठ केलेली वाक्यं तशीच राहिली. मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि उरलेली भांडी घासली. ती स्टुलावर बसून मला, कुठलं फडकं कशाचं, ते सांगत होती. अगदी आईच्या स्वरात.

निघताना म्हणाली, "तू बरोबर येशील ना? मग जमेल."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मावशीला घेऊन गेले. इस्त्रीची साडी नेसून तयार होती, केस नीट बांधलेले. रांगेत माझं मनगट धरून ठेवलं होतं तिने, सुटलंच नाही.

स्वेटरवालीने विचारलं, काय नोंदवायचंय.

मावशी म्हणाली, "माझी ताई गेली. माझ्या घरी. दुपारी, झोपेत." आणि कुणी न विचारताच म्हणाली, "त्रास नाही झाला तिला."

स्वेटरवालीने पेन खाली ठेवलं. मागे रांग होती, पण तिने घाई केली नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला, मग हळूहळू एकेक रकाना विचारत गेली.

बाहेर आल्यावर मावशीला भूक लागली. दोघींनी उभ्याउभ्या बिस्किटं खाल्ली. तिचे खांदे खाली आले होते. इतकी वर्षं वर उचलून धरलेले असावेत.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मोठ्या साहेबांची सही बाकी. साहेब रजेवर.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आला दाखला.

बाबांनी खिडकीशी जाऊन वाचला, दोनदा. नाव बरोबर आहे म्हणाले. तारीख बरोबर आहे म्हणाले. मग खाली बसले आणि रडले. आई गेली तेव्हा माझ्यासमोर रडले नव्हते. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले. काही बोलले नाही, साखरेचंही नाही.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांना पाच मिनिटांत सगळं कळलं. म्हणाल्या, लग्न पुढे ढकलू. कागदावर तर तुझी आई आत्ताच गेलीय, एवढी घाई बरी नाही.

आणि मीच, मी, म्हणाले: नाही. येत्या शुक्रवारीच करा.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं लग्न. सहा सह्या आणि एक शिक्का. साक्षीदार म्हणून मी, मावशी आणि बाईंची एक शेजारीण. बाबांनी नवा शर्ट घातला होता, त्याच्या कॉलरमधला पुठ्ठा काढायला विसरले. सही करताना मान वाकेना! बाईंनी हळूच ओढून काढला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला.

मावशीने बाईंना जवळ घेतलं. मी पण. चांगल्या आहेत गं बाई.

२७ ऑक्टोबर, रविवार

बाबा बाईंकडे राहायला गेले.

मी इतके दिवस धरून चालले होते की बाईच इकडे येणार. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्यात हत्यारांची पेटी, असे दारात उभे राहून बाबा म्हणाले, "तुला सांगितलं नव्हतं का? मला वाटलं सांगितलंय." बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं म्हणे, की पोरीचं घर पोरीकडेच राहू द्यायचं.

दोन गल्ल्या पलीकडे तर आहेत. जिनाही नाही तिथे.

मशीन खिडकीखालीच राहिलं. घरात आता दोघीच. आई आणि मी.