एकोणीस एक्के

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असालच. इकडे थंडी पडली आहे. माझा खोकला गेला, मागच्या खोलीतला नळ एकदाचा दुरुस्त झाला. त्या खोलीला रंगही लावून घेईन म्हणते, आता ती रिकामीच आहे.

आप्पांना परवा वृद्धाश्रमात ठेवलं. जागा स्वच्छ आहे, खाटेशेजारी खिडकी आहे.

उत्तर चुकलं का, असं तू विचारशीलच. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, त्या संध्याकाळी आप्पांनी आपल्याला समोर बसवलं होतं, आठवतं? निवृत्त झाले तरी गणिताचे मास्तरच ते. "एकोणीस एक्के ओळीने लिहिले, तर ती संख्या कशी? रोज सकाळी मला विचारायचं. अविभाज्य म्हणतोय तोवर मी या घरात. चुकलो की त्याच दिवशी आश्रमात. रडारड नको." अठरा एक्क्यांना तीनने भाग जातो, वीस एक्क्यांना अकराने, पण मधल्या एकोणिसांना कुणाच्या बापालाही भागता यायचं नाही, हे आपण लहानपणी जेवणापेक्षा जास्त खाल्लंय. आपण दोघांनी शब्द दिला.

तिथेच फसलो. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. आई गेल्याचं ते विसरले, तोंड धुवायचं विसरले, गॅस उघडा टाकून झोपले. मला चोर समजून काठीने मारलं. हाताला टाके पडले, ते तुला कळवलं नव्हतं. आणि रोज सकाळी उत्तर मात्र खणखणीत: "अविभाज्य!" मी फोनवर रडले तेव्हा तू म्हणालास, "उत्तर बरोबर येतंय ना? मग शब्द म्हणजे शब्द." दुरून डोंगर साजरे, दादा. आश्रमातली जागा मी तेव्हाच धरून ठेवली होती.

परवा सकाळी विचारलं. "अविभाज्य," म्हणाले.

"आणि मी कोण, आप्पा?"

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाले, "भाग देऊन बघावं लागेल."

मी म्हटलं, "चुकलात, आप्पा. त्या संख्येला भाग जातो."

भांडतील असं वाटलं होतं. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नापास झालेल्या पोरासारखी मान खाली घातली. "ठरल्याप्रमाणे करा," म्हणाले आणि स्वतःच चपला शोधायला लागले.

आश्रमातल्या बाईंचा काल फोन आला होता. म्हणाल्या, "त्यांचा काही त्रास नाही हो. फक्त जेवायला उठत नाहीत. दिवसभर कागदावर एक-एक-एक लिहून भागाकार करत असतात. कशाला करताय म्हटलं, तर म्हणाले, माझी मुलगी खोटं बोलत नाही. ती भाग जातो म्हणाली, म्हणजे जात असणार."

तू ये, दादा. तूच त्यांना सांग, भाग जात नाही म्हणून. मला तोंड दाखवायला जागा नाही.

त्यांची मुलगी